नेम चुकल्याची नोंद

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे यांसारख्या संस्थानी गावांतील जुन्या मराठी घरांच्या दिवाणखान्यात एके काळी हमखास दिसणारी वस्तू म्हणजे भिंतीवर लावलेली शिंगे. काळविटाची पीळदार, सांबराची जाड, चितळाची निमुळती. त्यांच्याखाली कोठे पितळी पट्टी असे, कोठे नुसतीच तारीख. आमच्याही घरी अशी तीन जोड्या शिंगे होती, आणि प्रत्येक जोडीमागे एक कथा होती. त्या कथा आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकल्या की हाका कोणत्या बाजूने आला, वारा कोठून वाहत होता, हे आजही सांगता येईल. पुष्कळ वर्षांनी एक गोष्ट ध्यानात आली. त्या कथांत नेम कधी चुकलाच नव्हता.

शिकारकथेचा हा दोष केवळ घरगुती नव्हे. मराठीत आणि इंग्रजीतही या प्रकारचे जे लेखन आमच्या वाचनात आले, त्यातील बहुतेकांचा साचा हाच आहे. जनावर थोर, जंगल भयाण, शिकारी शांत, आणि शेवटी एक अचूक आवाज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा छंद इतिहासजमा झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु शिकार थांबली तरी शिकारकथेची रीत थांबली नाही. आत्मचरित्रे, संस्थांचे इतिहास, घराण्यांच्या हकिकती यांत ती सुखाने नांदते आहे. म्हणून चुकलेल्या नेमाचे वाङ्मय या विषयाकडे पाहावे असे आम्हांस वाटले. त्यासाठी आम्ही हरणाची धनुष्यबाणाने केलेली शिकार एवढेच क्षेत्र निवडले आहे. बंदुकीपेक्षा धनुष्यात चूक अधिक होते, आणि झालेली चूक लपविणे अवघड असते.

ते अवघड का, हे आधी सांगितले पाहिजे. लाकडी धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे पन्नास मीटर जातो, तर प्रत्यंचेचा आवाज सुमारे तीनशे चाळीस मीटर. हरीण तीस मीटरांवर असेल तर आवाज त्याच्या कानी पोहोचल्यानंतरही बाण वाटेत जवळजवळ अर्धा सेकंद असतो. तेवढ्या अवधीत सावध हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. अंतराचा अंदाज चार-पाच मीटरांनी चुकला, उतारावरून मारताना नेहमीसारखाच नेम धरला, मध्ये बोटभर जाडीची डहाळी आली, तरी नेम गेला. याहून वाईट म्हणजे बाण लागतो, पण भलत्या जागी लागतो. गोळीप्रमाणे बाणाचा जबर धक्का बसत नाही. तो रक्तस्रावाने मारतो. फाळ फुफ्फुसातून गेला तर जनावर थोड्याच अंतरावर पडते. पोटात लागला तर ते तासन्‌तास चालते. अशा वेळी लगेच पाठलाग केला तर ते भिऊन दूर जाते आणि सापडत नाही. म्हणून बाण लागल्यावर बसून राहावे, वाट पाहावी, मग रक्ताचा माग काढीत सावकाश जावे, असा तिरंदाजांचा जुना नियम आहे. हा नियम कोणाच्या तरी चुकीतून आला असणार, आणि त्या चुकीची किंमत हरणाने दिली असणार.

या क्षेत्रातील विसाव्या शतकाचा मूलग्रंथ म्हणावा असे पुस्तक सॅक्स्टन पोप या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२३ साली प्रसिद्ध केले. ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ हे त्याचे नाव. पोप हा सॅन फ्रान्सिस्को येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यक्रिया शिकवीत असे. तेथून जवळच विद्यापीठाचे मानववंशशास्त्राचे संग्रहालय होते, आणि त्या संग्रहालयात १९११ पासून इशी नावाचा एक मनुष्य राहत होता. इशी हा याही जमातीचा शेवटचा माणूस. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतकारांनी त्या जमातीच्या कत्तली केल्या. उरलेली मूठभर माणसे डोंगरांत चाळीस-एक वर्षे लपून राहिली, आणि अखेरीस एकटा इशी २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळ उपासमारीने खंगलेल्या स्थितीत लोकांसमोर आला. ‘इशी’ याचा अर्थ त्याच्या भाषेत केवळ ‘माणूस’ असा आहे. स्वतःचे खरे नाव त्याने कधी सांगितले नाही. पोप त्याचा वैद्य झाला, मग मित्र झाला, मग शिष्य झाला. धनुष्य कसे घडवावे, बाणाला पिसे कशी बांधावी, काचेसारख्या दगडाचे फाळ कसे काढावे, आणि हरणाच्या जवळ कसे जावे, हे सारे तो इशीकडून शिकला.

पोपच्या पुस्तकाचे पहिले थोर लक्षण असे की त्यात बाण चुकतात. एखाददुसरा नव्हे, पुष्कळ चुकतात. कधी बाण वरून जातो, कधी खालून, कधी झाडात रुततो, कधी जनावर आवाज होताच निसटते. हे तो न लाजता आणि न रंगवता सांगतो. शल्यचिकित्सकाची सवय त्याच्या लेखणीत उतरली आहे. शस्त्रक्रिया बिघडली तर का बिघडली हे पाहावे लागते, त्याच वृत्तीने तो चुकलेल्या बाणाकडे पाहतो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात त्याने निरनिराळ्या देशांची आणि जमातींची धनुष्ये घेऊन त्यांचा ताण किती, बाण किती दूर जातो, याची मापे नोंदली आहेत. अशा मनुष्याला नेम चुकणे ही नामुष्की वाटत नाही. तीही एक नोंद असते. पुढे अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या या पुस्तकावर शिकल्या. १९६१ साली स्थापन झालेल्या त्यांच्या मोठ्या मंडळाला पोप आणि त्याचा सहकारी आर्थर यंग यांचीच नावे दिली गेली.

पुस्तकाचे दुसरे लक्षण म्हणजे गुरूचे चित्र. दूरच्या निशाणावर इशीचा नेम पोपच्या मते सामान्य होता. इंग्रजी पद्धतीने सराव केलेला तिरंदाज त्याला सहज हरवी. पण शिकारीत इशीला दूर मारावेच लागत नसे. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखूला शिवत नसे. पहाटे स्नान करी, अंगाला सुवासिक पाला चोळी. मग झुडपाआड बसून, हरणाचे भुसा भरलेले डोके वरखाली हलवून खऱ्या हरणाचे कुतूहल जागे करी, आणि ते आपल्या पायांनी जवळ आले म्हणजेच बाण सोडी. पोपचा भर नेम सुधारण्यावर, इशीचा अंतर कमी करण्यावर. यात एक महत्त्वाचा भेद आहे. पोपची चूक झाली तर सायंकाळच्या भोजनात एक पदार्थ कमी होई. इशीची आणि त्याच्या माणसांची चूक झाली तर उपास घडे. ज्याला चूक परवडत नाही तो बाण सोडण्याच्या आधीच शिकतो. पोपने हा भेद पाहिला आहे, परंतु त्याचा अर्थ शेवटपर्यंत नेलेला नाही.

येथे आम्हांस या पुस्तकाची मर्यादा दिसू लागते. पोप ज्या चुका नोंदवितो त्या बहुतेक हाताच्या आहेत. ताण कमी पडला, अंतर कळले नाही, बोटे वेळेआधी सुटली. या चुका सरावाने दुरुस्त होतात, आणि दुरुस्त झाल्या की प्रश्न संपतो. पण हाताने काहीही न चुकता, बाण अगदी मारायचा तेथेच लागूनही चूक होऊ शकते, ही गोष्ट या पुस्तकाला फारशी सुचत नाही. ती आपल्या पुराणेतिहासाला पुरेपूर ठाऊक आहे. आपल्याकडच्या धनुर्धरांच्या ज्या चुका लोकांच्या तोंडी आहेत, त्यांपैकी एकातही नेम चुकलेला नाही.

दशरथाची कथा घ्या. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात ती दशरथ स्वतः कौसल्येला सांगतो. तारुण्यात, पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी तो शरयूकाठी दबा धरून बसला होता. पाण्यावर रानरेडा येईल, हत्ती येईल, किंवा मृग येईल, ही आशा. आवाजावरून वेध घेण्याची शब्दवेधी विद्या त्याला साधली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. घडा भरण्याचा आवाज झाला, तो हत्तीचा समजून त्याने बाण सोडला, आणि बाण तापसकुमाराला लागला. आपण त्याला श्रावण म्हणतो. वाल्मीकींनी त्याला नावही दिलेले नाही. येथे नेम अचूक होता, विद्या खरी होती. चूक एवढीच की डोळ्यांनी न पाहता बाण सुटला. कोणत्याही देशातील शिकाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवितात तो नियम हाच: जे दिसत नाही त्यावर मारू नये.

पांडूची चूक दुसऱ्या जातीची. आदिपर्वात तो हरणांच्या जोडीला भर दिवसा पाच बाणांनी मारतो. ती जोडी मैथुनात होती, आणि तो मृग म्हणजे मृगरूप घेतलेला किंदम ऋषी होता. मरता मरता तो बोलतो, आणि पांडू त्याच्याशी वाद घालतो. राजांनी मृग मारणे हा धर्मच आहे, अगस्त्यांनीही मृगया केली, असे दाखले देतो. यावर किंदमाचे उत्तर मार्मिक आहे. तू मृग मारलास म्हणून माझा दोष नाही, थोडा वेळ थांबला नाहीस म्हणून आहे, असा त्याचा आशय. पांडूने पाहिले होते, पण जे पाहिले त्याचा विचार केला नव्हता. शिवाय चूक घडल्यावर मनुष्याची पहिली प्रतिक्रिया खेदाची नसून युक्तिवादाची असते, हेही महाभारतकारांनी येथे टिपले आहे. पश्चात्ताप पुढे येतो, आणि खरा असतो. तरीही वसंतात माद्रीसमोर तोच पांडू पुन्हा थांबू शकत नाही, आणि शाप खरा होतो.

तिसरी चूक जरा नावाच्या व्याधाची. मौसलपर्वात श्रीकृष्ण योगावस्थेत पहुडलेले असताना त्यांना मृग समजून तो बाण मारतो आणि तो तळपायात लागतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात हे अधिक स्पष्ट आहे: श्रीकृष्णांचे पाऊलच त्याला हरणाच्या मुखासारखे दिसले. अवयव दिसला आणि त्यावरून संपूर्ण जनावर मनाने रचले गेले. झाडीत काही तपकिरी हलले की हरीणच, अशी समजूत करून आजही शिकारी आपल्याच सोबत्यावर बाण किंवा गोळी सोडतात. त्या चुकीचे हे आदिरूप. पण जराच्या कथेत एक विशेष आहे. भागवतात तो श्रीकृष्णांच्या पाया पडून मागणे मागतो की मला लगेच मारा, म्हणजे असा अपराध माझ्या हातून पुन्हा होणार नाही. या तिघांत ‘पुन्हा होऊ नये’ हा विचार बोलून दाखविणारा हा एकटा, आणि तो राजा नाही, पारधी आहे. त्याला शाप मिळत नाही, क्षमा मिळते. हा अकरावा स्कंध एकनाथांनी मराठीत आणला आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली, वाराणसीत पुरा केला. महाराष्ट्राबाहेर बसून लिहिलेल्या या थोर मराठी ग्रंथात हा चुकलेला पारधीही आहे, हे आपल्यासारख्यांनी विसरू नये.

चौथी कथा सर्वांच्या परिचयाची आहे. सुवर्णमृगामागे गेलेल्या रामाने मारलेला बाण जसा लागायला हवा तसाच लागला. मृग दिसत होता, ओळखीचाही होता. हा मारीच असावा असे लक्ष्मणाने आधीच सांगितले होते. तरीही राम गेला. येथे चूक बाणाची नाही, नेमाचीही नाही. सीतेला सोडून मृगामागे इतके दूर जावे का, हा प्रश्न धनुष्य उचलण्यापूर्वी विचारायचा होता.

असे चार प्रकार झाले. न पाहता मारणे, पाहून विचार न करणे, अंशावरून संपूर्ण कल्पिणे, आणि मुळात कशामागे धावावे हेच चुकणे. पोपच्या पुस्तकाला जी उणीव आम्ही दाखविली ती येथे भरून निघते. पण आपल्या परंपरेची तरफदारी करून येथेच थांबणे सोपे आहे, आणि ते न्यायाचे होणार नाही. कारण तिच्यातही एक उणीव आहे, आणि ती पोपकडे नाही.

दशरथाकडे परत जाऊ. मुलगा मेल्यावर त्याने एक मोठी गोष्ट केली. पाण्याचा घडा घेऊन तो त्या अंध मातापित्यांकडे स्वतः गेला आणि मी तुमचा मुलगा नव्हे, मी दशरथ, असे म्हणून सारे सांगितले. त्यावर पिता म्हणतो की तू हे आपणहून सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. कबुलीजबाबाचे मोल वाल्मीकींना किती वाटत होते हे यावरून कळते. पण त्यानंतर काय? वाल्मीकींच्या कथनात हा प्रसंग पुन्हा उच्चारला जातो तो राम वनात गेल्यावर सहाव्या रात्री, मरणाच्या उंबरठ्यावर. मधल्या साऱ्या काळात राजाच्या मुखातून तो आलेला आपण ऐकत नाही. त्याने पुत्रांना धनुर्विद्या दिली. रात्रीच्या आवाजावर बाण सोडू नये हा पाठ दिला की नाही, कवी सांगत नाहीत. आपल्या कथांत चूक शाप होते आणि शाप प्रारब्ध होतो. प्रारब्धाबद्दल शोक करता येतो, त्यापासून पुढच्या तिरंदाजाला शिकता येत नाही. पोपची चूक लहान असेल, पण ती वेळेवर सांगितलेली आहे. ती वाचून दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी बाण सुधारतो.

ही दोन टोके एका ठिकाणी आणणारा कवी आपल्याकडे एकच झाला, तो कालिदास. रघुवंशाचा नववा सर्ग दशरथाच्या मृगयेचा आहे. प्रारंभी कवी मृगयेचे गुण सांगतो: चल लक्ष्यावर वेध साधतो, भ्यालेल्या आणि रागावलेल्या प्राण्यांचे मन कळू लागते, श्रमाने शरीर हलके होते. मग तो एक प्रसंग रचतो. दशरथाने एका हरणावर नेम धरला आहे, प्रत्यंचा कानापर्यंत ओढली आहे, इतक्यात हरिणी मध्ये येऊन आपल्या शरीराने जोडीदाराला झाकते. राजा स्वतः प्रेमाचा जाणता, त्याचे मन द्रवते आणि तो ओढलेला बाण परत घेतो. त्याच सर्गाच्या शेवटी तोच राजा नुसत्या आवाजावर बाण सोडतो. कालिदास येथे एक कारण जोडतो: रानहत्ती मारणे राजाला निषिद्धच होते, म्हणजे समजूत खरी ठरली असती तरी कृत्य चुकीचेच होते. शास्त्र शिकलेला मनुष्यही आवेगाने डोळे मिटले की आडवाटेला पाऊल टाकतो, असे तो सांगतो.

आमच्या मते हा सर्ग मृगयेच्या वाङ्मयातील सर्वोत्तम शिक्षण आहे. दोन्ही प्रसंगी हात तोच, विद्या तीच, राजाही तोच. पहिल्या वेळी समोरचा जीव दिसला म्हणून बाण थांबला. दुसऱ्या वेळी फक्त लक्ष्य ऐकू आले म्हणून सुटला. मनुष्य क्रूर म्हणून चुकतो असे कालिदास म्हणत नाही. दयाळू मनुष्यही त्याच दिवसांत, त्याच रानात चुकतो, असे म्हणतो. यामुळे वाचकाला राजापासून दूर उभे राहून त्याचा न्याय करता येत नाही. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत आश्रममृगावर नेम धरतो आणि तापसाच्या शब्दासरशी बाण भात्यात ठेवतो, तेही येथे आठवावे. तेथे थांबविणारा कोणी होता. तमसेच्या काठी कोणी नव्हता.

कालिदासाचा हा निकष घेऊन पोपकडे परतले की त्याच्या पुस्तकातील सर्वांत मोठी चूक दिसते, आणि ती हरणाबाबतची नाही. मे १९१४ मध्ये पोप आणि त्याचे सहकारी इशीला घेऊन त्याच्या जुन्या मुलखात, डियर क्रीकच्या काठी गेले. ‘हरणांचा ओढा’ असेच त्या नावाचे मराठी होईल. दोन वर्षांनी, २५ मार्च १९१६ रोजी, इशी शहरात जडलेल्या क्षयाने वारला. पोप लिहितो की इशी आम्हां सर्वांना हुशार पण शहाणपण नसलेल्या मुलांसारखे समजत असे. धनुष्य, बाण आणि त्याच्या आवडीच्या वस्तू बरोबर देऊन त्याचे दहन केले, हेही तो जिव्हाळ्याने सांगतो. तो निरोप वाचताना आमचेही डोळे ओलावले होते.

पण त्या निरोपात जे नाही ते पुढे उघड झाले. मृत शरीराची चिरफाड होऊ नये अशी इशीच्या स्नेह्यांपैकी अल्फ्रेड क्रोबर या संग्रहालयप्रमुखाची इच्छा होती आणि त्याने न्यूयॉर्कहून तसे कळविलेही होते. तरी शवविच्छेदन झाले, मेंदू काढून ठेवला गेला, आणि १९१७ साली खुद्द क्रोबरने तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविला. ऐंशीहून अधिक वर्षे तो तेथे राहिला. २००० साली तो इशीच्या नात्यातील जमातींच्या वंशजांना परत मिळाला आणि त्यांनी अस्थींसह त्याचा विधी केला. ही सारी माणसे इशीवर प्रेम करणारी होती. हरणाच्या अंगावर बाण कोठे लागावा हे बोटाच्या अंतराने सांगणारा पोपही त्यांतला. आपल्या मित्राच्या बाबतीत आपल्या मंडळींचा नेम कोठे गेला, हे मात्र त्या निरोपाच्या पानांत नाही. बाणाच्या चुका लिहिणे सोपे असते. ज्याच्याकडून बाण शिकलो त्याच्या बाबतीत झालेली चूक लिहिणे कठीण.

म्हणून चुकीच्या लेखनाकडून आम्ही दोन गोष्टींची अपेक्षा करतो. एक, ती वेळेवर सांगितलेली असावी, दुसऱ्याला उपयोगी पडेल अशा वेळी. हे पोपकडून घ्यावे. दुसरी, ज्याला बाण लागला त्याला त्या कथेत बोलू द्यावे. हे वाल्मीकी-व्यासांकडून घ्यावे. तापसकुमार बोलतो, किंदम बोलतो. पोपच्या पुस्तकातील हरीण बोलत नाही, आणि अखेरीस इशीही बोलत नाही. यांपैकी एकच गोष्ट असेल तर लेखन एकतर मार्गदर्शिका होते, नाहीतर विलाप.

हे सारे आम्हांस का लिहावेसे वाटले, हे सांगून थांबतो. आमच्या घरातील त्या तीन जोड्या शिंगांचे धनी म्हणजे आमचे आजोबा. त्यांना सारे अण्णा म्हणत. त्यांची शिकार बंदुकीची, शिवपुरीच्या बाजूच्या रानातली. उतारवयात एका दुपारी, आम्ही सहज विचारले असता, त्यांनी चौथ्या हरणाची गोष्ट सांगितली. चितळ होते. संध्याकाळी गोळी लागली, पण मागे लागली. अंधार पडत होता, बरोबरच्या पाहुण्यांना परतायची घाई होती, म्हणून माग सोडून दिला. तिसऱ्या दिवशी गिधाडे उतरली तेव्हा जागा कळली. ते म्हणाले, “त्या दिवसानंतर मी संध्याकाळी बंदूक उचलली नाही.” आम्ही विचारले, हे आधी कधी का नाही सांगितले? ते म्हणाले, “शिंगं नव्हती ना. भिंतीवर असतं तर तुम्ही विचारलं असतं.”

आपण सारे, महाराष्ट्रापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक, आपल्या संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका लिहीत असतो. त्यांत संस्थापकांची नावे असतात, इमारतीची कोनशिला असते, झालेल्या नाटकांची यादी असते. बंद पडलेली मराठी शाळा, वाचक नसल्याने कपाटातच राहिलेली पुस्तके, मराठी न येणारी आपलीच नातवंडे, यांना त्यांत पान नसते. असलेच तर काळाला दोष देऊन ते उरकले जाते. पांडूनेही अगस्त्यांचा दाखला दिला होता. पुढच्या स्मरणिकेत एक पान या नोंदींसाठी राखावे, आणि ते संपादकाने एकट्याने न लिहिता त्या शाळेच्या शेवटच्या वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. अण्णांच्या चौथ्या हरणाची नोंद आम्ही येथे केली. शिंगांखालच्या पितळी पट्ट्या आता वाचताही येत नाहीत, पण ती दुपार आमच्या ध्यानात आहे.